औषध मारणाऱ्यांचा मेंदू चार विभागांत वाटू नका : सांगली-मिरजेच्या महाविद्यालयांना खुले पत्र

प्रति,
सांगली-मिरजेतील विज्ञान, वैद्यकीय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख आणि संशोधन समित्यांचे सदस्य

विषय : द्राक्षबागेत फवारणी करणाऱ्यांच्या मेंदूकार्याचा एकत्रित अभ्यास

स. न. वि. वि.

तासगाव, पलूस, कवठेमहांकाळ आणि मिरज तालुक्याच्या पूर्व भागात द्राक्षबागेला औषध मारणे हे रोजचे काम आहे. पाठीवरचा पंप असो की ट्रॅक्टरमागचा ब्लोअर, फवारा अंगावर येतोच. या माणसांच्या लक्षावर, स्मरणावर, हाताच्या वेगावर हंगामभरात फरक पडतो का? पडत असेल तर तो मेंदूत पडतो की हातापायांच्या नसांत (चेतातंतूंत)? आणि हंगाम सरल्यावर तो भरून येतो का? हा प्रश्न या जिल्ह्यानेच विचारायला हवा. ऑरगॅनोफॉस्फेट कीटकनाशकाची तीव्र विषबाधा डॉक्टरांना चांगली ओळखता येते. थोड्याथोड्या मात्रेत वर्षानुवर्षे होणाऱ्या संपर्काबद्दल मात्र जगभरच्या अभ्यासांत एकवाक्यता नाही. आमच्या मते त्याचे एक मोठे कारण अभ्यासाच्या पद्धतीत आहे, आणि पद्धत सुधारणे आपल्या हातात आहे.

असा प्रश्न समोर आला की त्याचे तुकडे पाडायची आपल्याला सवय आहे. मानसशास्त्र चाचण्या घेणार, जीवरसायन रक्त तपासणार, शरीरक्रियाशास्त्र नसांचा वेग मोजणार, इलेक्ट्रॉनिक्सचे विद्यार्थी मेंदूच्या विद्युत लाटा टिपणारे ईईजी यंत्र जोडणार. चार प्रबंध, माणसांचे चार वेगळे गट, चार वेगळे महिने. शेवटी चारही निकाल एका फायलीत घालून वर ‘आंतरविद्याशाखीय’ लिहायचे. हे तुकडे मागाहून जोडता येत नाहीत. मोजमापे एकाच माणसाची, एकाच दिवशी, एकाच घड्याळावर घेतलेली असतील तरच एक मोजमाप दुसऱ्याचा अर्थ लावायला उपयोगी पडते. आमची सगळी मागणी या एका वाक्यात आहे. त्यासाठी लागणारी माणसे सांगली-मिरज या दहा-बारा किलोमीटरच्या पट्ट्यातच आहेत: विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद, मिरजेत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय.

एक साधी चाचणी घेऊ. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचे. समजा एखाद्याला हंगामापूर्वी 300 मिलिसेकंद लागत होते आणि ऐन फवारणीत 380 लागतात. हे 80 मिलिसेकंद कुठे गेले? मानेपासून हातापर्यंत अंतर साधारण 70 सेंटिमीटर. नसेतून संदेश सेकंदाला 55 मीटरच्या आसपास वेगाने जातो, म्हणजे 13 मिलिसेकंदांत काम होते. हा वेग निम्म्यावर आला, जे फार गंभीर आजारातच होईल, तरी आणखी 13 च वाढतात. उरलेले दुसरीकडे शोधावे लागतात: डोळ्यात, नस आणि स्नायूच्या सांध्यात, मेंदूच्या निर्णयात, किंवा ‘चूक व्हायला नको’ या सावधपणात. चाचणी घेणाऱ्याच्या कागदावर या सगळ्यांचा आकडा एकच दिसतो, 380.

हे वेगळे करायची गणिती रीत मानसशास्त्रज्ञ रॉजर रॅटक्लिफ यांनी 1978 मध्ये मांडली. मेंदू पुरावा गोळा करत जातो आणि तो ठराविक उंबरठ्याला पोचला की निर्णय होतो, अशी ती कल्पना आहे. तिच्यातून तीन आकडे निघतात: पुरावा साठण्याचा वेग, उंबरठ्याची उंची, आणि निर्णयाबाहेर गेलेला वेळ. पण त्यासाठी एकाच खुणेची चाचणी पुरत नाही. डावे की उजवे असा निर्णय हवा, निदान 200 फेऱ्या हव्यात, आणि थोड्या चुका व्हायला हव्यात. शंभरात एकही चूक होत नसेल तर चाचणी फार सोपी आहे आणि उंबरठ्याचा हिशेब लागतच नाही. 10 ते 15 टक्के चुका होतील इतकी ती अवघड ठेवावी.

आता हे तीन आकडे बाकीच्या मोजमापांशेजारी ठेवा. निर्णयाबाहेरचा वेळ वाढला आणि नसेचा वेग तोच राहिला, तर स्नायूसंधीकडे पाहा. ऑरगॅनोफॉस्फेटच्या परिणामात एका विद्युत धक्क्याला स्नायू एकापेक्षा जास्त वेळा उत्तर देतो. हे नसेच्या तपासणीत दिसते, वेगाच्या आकड्यात दिसत नाही. पुरावा साठण्याचा वेग घटला आणि ईईजीतली पी-300 ही लाटही (वेगळी खूण ओळखल्यावर 300 मिलिसेकंदांच्या सुमारास उमटणारी) उशिरा आली, तर मेंदूकडे बोट दाखवता येईल. नुसता उंबरठा उंचावला असेल, तर त्या माणसाने आज जास्त जपून उत्तरे दिली एवढेच म्हणता येते. एका गटाची नस आणि दुसऱ्या गटाचा ईईजी घेऊन या तीन शक्यतांमधला फरक कधीच कळणार नाही.

इथे कुणी म्हणेल की मेंदूचा एक थर पुरेसा बारकाईने पाहिला तर बाकीचे आपोआप उलगडेल. तसे होत नाही, याचा अनुभव मेंदूविज्ञानाने चांगलाच घेतला आहे. सी. एलिगन्स या कृमीच्या 302 चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा 1986 मध्येच छापून आला. त्यावरून कृमी पुढच्या क्षणी कुठे वळेल ते आजही नुसत्या नकाशावरून सांगता येत नाही, कारण त्याच जोडणीचे वागणे भोवतालच्या रसायनांनी बदलते. खेकड्याच्या जठराचे स्नायू चालवणाऱ्या सुमारे 30 पेशींच्या गुच्छावर मेंदूशास्त्रज्ञ ईव्ह मार्डर यांच्या गटाने काम केले. 2004 मध्ये त्यांनी त्या पेशींच्या जाळ्याच्या संगणकी प्रतिकृतीची दोन कोटी रूपे तपासली, तेव्हा आतले आकडे अगदी वेगवेगळे असूनही बाहेरचा ठेका सारखाच निघतो असे दिसले. म्हणजे बाहेरची चाचणी नॉर्मल आली म्हणून आतले सगळे जागच्या जागी आहे असे धरता येत नाही. फवारणीवाल्या माणसाचा मेंदू भरपाई करून चाचणीत पूर्ण गुण मिळवत असेल, तर ते फक्त ईईजी किंवा रक्त सांगेल.

अभियांत्रिकीच्या मित्रांना 2017 चे उदाहरण जवळचे वाटेल. एरिक जोनास आणि कॉनराड कोर्डिंग यांनी मेंदूविज्ञानाच्या नेहमीच्या रीती 6502 या जुन्या मायक्रोप्रोसेसरवर लावून पाहिल्या. एकेक ट्रान्झिस्टर बंद करून कुठला व्हिडिओ गेम बंद पडतो ते पाहिले. काही ट्रान्झिस्टर काढल्यावर एकच गेम अडला. वरवर पाहता ‘हा त्या गेमचा ट्रान्झिस्टर’ असे म्हणता आले असते, आणि ते साफ चूक ठरले असते. या चिपचा आराखडा माणसानेच केला आहे, म्हणून चूक कळली. मेंदूचा आराखडा कुणाकडे नाही.

आता प्रत्यक्ष काम. यात नेमके कुठे बिघडते ते सविस्तर लिहितो, कारण खर्च तिथेच वाया जातो.

सुरुवात रक्तापासून. ऑरगॅनोफॉस्फेट आणि कार्बामेट कीटकनाशके कोलिनएस्टरेज हे विकर (एन्झाइम) अडवतात; ॲसिटिलकोलिन हे नसांचे संदेशवाहक रसायन मोडणे हे त्याचे काम. निरोगी माणसांतही त्याची पातळी इतकी कमीजास्त असते की एकदा रक्त घेऊन ‘नॉर्मल’ म्हणण्याला फारसा अर्थ नाही. त्या माणसाची स्वतःची आधीची पातळी हवी. कॅलिफोर्नियात फवारणी कामगारांसाठी हाच नियम आहे: स्वतःच्या मूळ पातळीच्या 80 टक्क्यांपर्यंत घसरण झाली की कामाची पद्धत तपासायची, लाल पेशींतले विकर 70 टक्क्यांवर किंवा प्लाझ्मातले 60 टक्क्यांवर आले की त्या माणसाला फवारणीपासून बाजूला करायचे. दोन्ही मोजावीत. प्लाझ्मातले विकर यकृताच्या आजाराने आणि गरोदरपणातही उतरते. लाल पेशींतले अधिक भरवशाचे, पण ते दिवसाला साधारण एक टक्का या गतीनेच भरून येते.

नमुना घेताना होणारी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत घातक चूक म्हणजे शुगरसाठीची राखाडी झाकणाची ट्यूब वापरणे. तिच्यात फ्लोराइड असते आणि ते हेच विकर अडवते. सगळ्या गावाला विषबाधा झाल्यासारखा अहवाल येईल. ईडीटीए किंवा हेपॅरिनची ट्यूब घ्यावी, बर्फावर ठेवावी. बोटाच्या टोकातून रक्त घेणे टाळावे. कातडीवर राहिलेले औषध थेंबात मिसळते. शिरेतून घेतानाही आधी साबण-पाण्याने हात आणि कोपर धुवून घ्यावेत.

आणि इतके सगळे बिनचूक केले तरी रक्त अर्धेच सांगते. आपल्या बागांतली बरीचशी फवारणी डावणी, भुरी, करपा यांच्यासाठी असते, म्हणजे ती बुरशीनाशकांची असते. मॅन्कोझेब हे त्यातले नेहमीचे. त्यात मँगनीज आहे, जे जास्त मात्रेत मेंदूला घातक ठरते, आणि ते या विकराच्या चाचणीत दिसत नाही. छाटणीनंतर वेलीचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाइड लावतात. त्याने शरीरातले दारू पचवणारे एक विकर अडते, आणि त्या दिवसांत दारू घेतल्यास चेहरा लाल होतो, छाती धडधडते. हा त्रास मेंदूचा म्हणून नोंदला गेला की सगळा हिशेब चुकला. म्हणून प्रत्येकाच्या फवारणीची वही हवी: तारीख, औषधाचे तांत्रिक नाव, किती लिटर पाणी, किती तास, हातमोजे होते की नाही. बागायतदार ही नोंद बऱ्याचदा ठेवतात, निर्यातीच्या बागेला तर ती लागतेच. कृषी विभागाशी संबंध असलेला कुणीतरी या गटात हवा, तो यासाठी.

ईईजीत पहिला अडथळा खोबरेल तेलाचा आहे. तेल लावलेल्या डोक्यावर इलेक्ट्रोडचा अवरोध 5 किलोओहमच्या खाली आणायला अर्धा तास जातो आणि तरी तो टिकत नाही. आदल्या दिवशी शाम्पूने केस धुवायला सांगावे आणि त्या रात्री तेल नको, हे निरोपातच लिहावे. 8 ते 16 इलेक्ट्रोड या प्रश्नाला पुरे आहेत. कपाळामागचा, मध्याचा आणि मागचा अशा मधल्या रेषेवरचे तीन मात्र चुकवू नयेत. नमुना-दर (सेकंदाला किती नोंदी) 250 किंवा 500 हर्ट्झ. खालची गाळणी (तिच्याहून संथ लाटा काढून टाकणारी) 0.1 हर्ट्झवर ठेवावी. घामाची संथ लाट घालवायच्या मोहात ती 1 हर्ट्झवर नेली तर पी-300 चा आकारच बिघडतो. घाम गाळणीने नव्हे, खोली थंड ठेवून घालवायचा. पंखा लावला तर वायरी हलणार नाहीत अशा टेपने बांधाव्यात. लॅपटॉप बॅटरीवर चालवावा. लोडशेडिंगमध्ये स्वस्त इन्व्हर्टरची लाट चौकोनी असते. तिच्यातून 50 बरोबर 150 आणि 250 हर्ट्झचाही गोंगाट येतो, त्यामुळे एकट्या 50 हर्ट्झच्या गाळणीने तो जात नाही. अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय माणसाला इलेक्ट्रोड लावूच नयेत.

चाचणी अशी: 1000 हर्ट्झचा नेहमीचा सूर 80 टक्के, 2000 हर्ट्झचा क्वचित येणारा 20 टक्के, दोन सुरांत 1.1 ते 1.5 सेकंदांचे कमीजास्त अंतर, एकूण 300 सूर. साडेसहा मिनिटांत होते. क्वचितचे 60 मिळतात; डोळ्यांची उघडझाप आणि जबड्याची हालचाल वगळून 40 तरी उरायला हवेत. एका फेरीतला गोंगाट 20 मायक्रोव्होल्ट धरला तर (हिशेबाला सोप्या) 64 फेऱ्यांच्या सरासरीत तो आठव्या हिश्श्यावर, म्हणजे अडीचवर येतो. पी-300 साधारण 10 मायक्रोव्होल्टची. दहा-बारा फेऱ्यांत काढलेली सुंदर लाट म्हणूनच संशयाने पाहावी.

वर्षानुवर्षे ब्लोअरजवळ काम केलेल्याचा कान मंद झालेला असू शकतो. त्याला सूर नीट ऐकू न आल्याने लाट उशिरा आली आणि आपण ती औषधाच्या नावावर टाकली, असे व्हायला नको. आधी श्रवणचाचणी घ्यावी, आवाज ज्याच्या-त्याच्या ऐकू येण्याच्या मर्यादेवरून ठरवावा, आणि तीच चाचणी डोळ्यांसाठीही घ्यावी. वयाबरोबर पी-300 दर वर्षी एक-दोन मिलिसेकंद लांबते, तेव्हा विशीतला मजूर आणि पन्नाशीतला मालक यांची तुलना होत नाही.

घड्याळाकडे सर्वांत जास्त दुर्लक्ष होते. दोन यंत्रे एकाच वेळी ‘स्टार्ट’ केली म्हणजे ती जुळली, असे नाही. दोघांच्या घड्याळांच्या स्फटिकांत दहा लाखांत 50 चा फरक असला तर 20 मिनिटांत 60 मिलिसेकंदांचे अंतर पडते. आपण शोधतो आहोत तो परिणाम एवढाच असू शकतो! ब्लूटूथ हेडफोन तर वापरूच नयेत. त्यांचा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांचा असतो आणि दर वेळी सारखा नसतो. 60 हर्ट्झच्या पडद्यावर एक चौकट 16.7 मिलिसेकंदांची, मोबाइलच्या टचस्क्रीनचा उशीर प्रत्येक मॉडेलचा वेगळा. उपाय स्वस्त आहे. पडद्याच्या कोपऱ्यात उजेड टिपणारा फोटोडायोड चिकटवावा, आवाजाची तार दुभागून एक फाटा ईईजीच्या जादा चॅनेलला द्यावा, म्हणजे प्रत्येक खूण आणि मेंदूची लाट एकाच नोंदीत उमटते. नाडी, बटण आणि ईईजी एका प्रवाहात आणायला लॅब स्ट्रीमिंग लेअर, चाचणीसाठी सायकोपाय आणि विश्लेषणासाठी एमएनई ही सॉफ्टवेअर मोफत आहेत. हे काम इलेक्ट्रॉनिक्सचा तिसऱ्या वर्षाचा विद्यार्थी उत्तम करू शकतो, आणि त्याचे नाव निबंधावर आले पाहिजे.

माणसाच्या दिनक्रमाची नोंद हा कुठल्याच विभागाचा विषय नसतो म्हणून ती राहून जाते. शेतीपंपाची वीज रात्रपाळीला असली की माणूस रात्री पिकाला पाणी द्यायला, दारे धरायला जातो. दोन रात्री अशा गेल्या की प्रतिक्रिया मंदावणार, औषध मारले असो वा नसो. मागच्या तीन रात्रींची झोप आणि फीडरची पाळी लिहून घ्यावी. तंबाखूतले निकोटिन ॲसिटिलकोलिनच्याच ग्राहकांवर (रिसेप्टरांवर) बसते, म्हणजे आपण जी यंत्रणा तपासतो आहोत तिच्यावरच. तरी सकाळी तंबाखू आणि चहा एकदम बंद करायला सांगू नये. सवयीच्या माणसाचे डोके त्यानेच दुखेल आणि लक्ष ढळेल. नेहमीप्रमाणे घेऊ द्यावे, वेळ नोंदवावी, आणि पुढच्या भेटीतही तीच वेळ पाळावी. अक्षरे क्रमाने जोडण्यासारख्या चाचण्या टाळाव्यात; त्यात शाळा मोजली जाते. नसेचा वेग घेताना कातडीचे तापमान 32 ते 34 अंश ठेवावे. हात थंड असला तर प्रत्येक अंशाला सेकंदाला दोनेक मीटरचा फरक पडतो, आणि डिसेंबरच्या सकाळी सगळेच आजारी दिसतात.

एमआरआय पहिल्यांदा मागू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. फंक्शनल एमआरआय चेतापेशींची हालचाल थेट पाहत नाही, रक्तप्रवाहातला बदल पाहते. तो बदल पाच-सहा सेकंदांनी शिगेला पोचतो. निकोस लोगोथेटिस यांच्या गटाने 2001 मध्ये माकडांत दोन्ही एकाच वेळी मोजले, तेव्हा हा संकेत पेशींकडून बाहेर जाणाऱ्या विद्युत ठोक्यांपेक्षा त्या भागात येणाऱ्या आणि तिथेच फिरणाऱ्या हालचालीशी जास्त जुळला. त्यात ॲसिटिलकोलिन स्वतःच रक्तवाहिन्या रुंदावते. म्हणजे कोलिनएस्टरेज अडवणाऱ्या औषधाचा अभ्यास फंक्शनल एमआरआयने करताना पेशी बदलल्या की रक्तवाहिन्या, हे एकट्या त्या चित्रावरून सांगता येणार नाही. आधी स्वस्त मोजमापांतून नेमका प्रश्न उभा राहू द्या.

माणसे किती? फवारणी करणारे 40 आणि न करणारे 40 अशी एकदाच तुलना केली तर फक्त बऱ्यापैकी मोठा फरक पकडता येतो. त्याच 40 जणांना हंगामाच्या वेगवेगळ्या टप्प्यांवर पुन्हा मोजले तर त्याहून लहान फरकही दिसतो, कारण प्रत्येकजण स्वतःशीच ताडला जातो. पण चाचणी दुसऱ्यांदा देताना सरावाने गुण वाढतात, म्हणून तुलनेचा गटही तितक्याच वेळा बोलवावा लागतो. तो शहरातला नको. कृष्णाकाठचे ऊसकरी त्यातल्या त्यात योग्य: ऊन तेच, रात्रीचे पाणी तेच, फवारणी बरीच कमी, तणनाशकाची नोंद तेवढी घ्यावी. 16 इलेक्ट्रोड, तीन भेटी, पाच चाचण्या म्हणजे 240 तुलना. पाच टक्के योगायोग चालवून घेण्याच्या नेहमीच्या सांख्यिकी नियमाने त्यातल्या 12 निव्वळ योगायोगाने ‘लक्षणीय’ निघतील. मुख्य आकडे कोणते दोन-तीन, हे पहिला माणूस येण्याआधी लिहून, तारीख घालून, संशोधन समितीकडे बंद करून ठेवावे.

आपल्याकडून आम्हाला हवे आहे ते असे. या प्रकल्पातल्या प्रत्येक प्रबंधाला दोन वेगळ्या विभागांचे मार्गदर्शक असावेत आणि दोघांनाही पूर्ण श्रेय मिळावे. आज ते मिळत नाही, म्हणून कुणी दुसऱ्याच्या दारात जात नाही. प्रत्येक सहभागी व्यक्तीला एकच सांकेतिक क्रमांक सर्व विभागांत असावा आणि नावांची यादी एकाच व्यक्तीकडे कुलुपात राहावी. एकाच खोलीत, एकाच सकाळी, ठरलेल्या क्रमाने सगळे व्हावे: रक्त, श्रवण, नस, ईईजी, चाचण्या. तीन-साडेतीन तास लागतील. त्या दिवसाची हजेरी माणसाला द्यावी. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे नैतिक समितीची संमती एकत्रित घ्यावी, आणि संमतीपत्र घरात बोलतात त्या मराठीत असावे. निकाल बागमालकाला कळता कामा नये. ज्याचे विकर उतरलेले दिसेल त्याला त्याच आठवड्यात डॉक्टरांपुढे न्यायची व्यवस्था आधी ठरलेली असावी. ती नसेल तर रक्त घेण्याचा आपल्याला अधिकार नाही.

वेळापत्रक बागेचे आहे, आपल्या सत्राचे नाही. स्वच्छ मूळ पातळी मिळण्याची खिडकी एकच: माल उतरला आहे आणि एप्रिलची खरड छाटणी व्हायची आहे ते दोन-तीन आठवडे. काढणीआधीच फवारणी कमी झालेली असते, त्यामुळे लाल पेशींतले विकर बरेचसे सावरलेले असते. दुसरी भेट ऑक्टोबर छाटणीनंतर फुलोऱ्याच्या सुमारास, तिसरी पुढच्या वर्षी याच खिडकीत. मार्चअखेर पहिला माणूस बसायचा तर नैतिक समितीकडे अर्ज डिसेंबरअखेर जायला हवा, आणि फेब्रुवारीत दहा विद्यार्थ्यांवर रंगीत तालीम व्हायला हवी. ट्यूबपासून फोटोडायोडपर्यंतच्या चुका त्या दहा जणांवर निघू द्याव्यात. त्यासाठी चारही विभागांची पहिली बैठक दिवाळीच्या सुट्टीआधी बोलवावी, ही विनंती. चाचण्यांचा क्रम, साहित्याची यादी आणि संमतीपत्राचा मसुदा घेऊन आम्ही बैठकीला येऊ.

आपले,
मानसशास्त्र, शरीरक्रियाशास्त्र, जीवरसायन आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकवणारे काही शिक्षक
सांगली-मिरज